बाईंचा जेवणाच्या वेळेचा वर्ग

सावंत बाई,

सोमवारपासून मी शिकवायला जाणार. चेणे गावाजवळची शाळा, तिसरीचा वर्ग. काल त्यांचा फोन आला आणि मी लगेच तुम्हाला लावायला गेले. तुमच्या नावावर बोट ठेवलं तेव्हा आठवलं, तुम्हाला जाऊन महिना झाला. आता कुणाला सांगू? नोकरी लागली की आधी तुम्हालाच सांगायचं, असं ठरलेलं होतं ना आपलं? म्हणून लिहितेय.

तुम्ही गेल्याचं दहावीच्या ग्रुपवर आलं तेव्हा सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. मला काहीच टाकता आलं नाही. मला तुमचा रागच आला होता.

लॉकडाऊनमध्ये शाळा फोनवर आली तेव्हा तुम्ही आमच्यापेक्षा जास्त गोंधळलेल्या. एकदा अख्खा तास तुम्ही पायथागोरस शिकवलात आणि तुमचा माईक बंद! ओठ हलतायत, हात हलतायत, त्रिकोणावर त्रिकोण काढताय आणि आम्ही सगळे शहाण्यासारखे बघत बसलोय. शेवटी तुमचे मिस्टर, आमचे काका, चहा घेऊन आले आणि त्यांच्या लक्षात आलं.

"अरे गाढवांनो, सांगायचं नाही का?"

"बाई, तुम्हीच बोलता ना, मी शिकवताना मध्ये बोलायचं नाही," आपला रूपेश म्हणाला.

तुम्ही हसून हसून पदराने डोळे पुसलेत. मग म्हणालात, "आजपासून मध्ये बोला. काही असलं तरी बोला."

बाई, तुम्ही तसं म्हणाला नसतात तर मी गप्पच राहिले असते.

पप्पा मीरा रोडच्या ज्या हॉटेलात स्वयंपाक करायचे, ते बंद पडलं. त्यांना पार्सल पोचवायचं काम मिळालं, पण त्याला दिवसभर फोन हवा. घरात फोन एकच. मग ठरलं, मला जालन्याला पप्पांच्या भावाकडे ठेवायचं. "शाळेचं पुढच्या वर्षी बघू," पप्पा म्हणाले. असं पुढचं वर्ष कधी येत नाही, हे आमच्या चाळीतल्या सगळ्या मुलींना माहीत आहे. पप्पांचं काम दुसऱ्या दिवशी सुरू होणार होतं. म्हणजे तो माझा शेवटचा तास. तुम्ही प्रमेय सांगत होतात आणि मी मध्येच माईक उघडला.

"बाई, मी उद्यापासून येणार नाही. गावी जातेय."

तुम्ही खडू खाली ठेवलात. "पप्पा आहेत घरात? दे त्यांच्याकडे."

पप्पांना वाटलं, साधा फोन आहे. कानाला लावून म्हणाले, "जय भीम बाई."

"जय भीम दादा. पोरीला कुठे पाठवताय?"

"काय करू बाई, फोन मला कामाला लागतोय."

"तुम्ही घरी कधी येता?"

"सातला, आठला. काय भरवसा?"

"मग आठनंतर मी शिकवते. तुम्ही जेवायला बसा, ती अभ्यासाला बसेल."

"रोज? एका पोरीसाठी?"

"रोज. आणि एका पोरीसाठी."

पप्पा काहीतरी बोलणार, तेवढ्यात फोनमधून दोन-चार आवाज एकदम आले. "काका, नका ना नेऊ तिला!" पप्पांनी दचकून फोन कानापासून लांब धरला. "हे कोण बोलतंय?"

"माझा वर्ग," तुम्ही म्हणालात. "सगळे ऐकतायत."

पप्पा "बघतो" म्हणाले. पण तिकीट काढलं नाही.

दिवसभर शाळेचे तास घेऊन रात्री परत तुम्ही माझ्यासाठी बसायचात. हळूहळू बाकीचेही आले, ज्यांचे बाप उशिरा फोन घेऊन घरी यायचे ते सगळे. तुमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, आमच्याकडे आई पप्पांना वाढायची. तुम्ही स्वतः कधी जेवायचात? आम्ही विचारलंसुद्धा नाही. कुणी चुकलं तर "परत सांगते हं" म्हणायचात, आणि खरंच पहिल्यापासून सांगायचात. असा धीर कुठून आणायचात बाई? मला तिसरीच्या पोरांसाठी हवाय तो.

आणि एक तक्रार आहे. मधे तुम्ही सारख्या खोकत होतात. विचारलं तर म्हणालात, मिरच्या भाजतेय. आठवडाभर कोण मिरच्या भाजतं? अंगात ताप असताना तुम्ही शिकवत होतात, हे तुमच्या घरी काकांनी आत्ता सांगितलं. आम्हाला मध्ये बोला म्हणालात आणि स्वतःचं काहीच बोलला नाहीत. हे बरोबर नाही केलंत.

शाळेत तुमची शोकसभा झाली. मोठी माणसं बोलली, चांगलं बोलली. मग पप्पा उठले. चार माणसांत तोंड न उघडणारे माझे पप्पा! माईक कसा धरायचा तेही त्यांना कळेना. म्हणाले, "बाईंनी मला सगळ्या वर्गासमोर हरवलं होतं. त्या दिवशी मी जिंकलो असतो तर... ते मनात आलं की अजून माझी झोप उडते." एवढंच बोलले आणि खाली बसून रडले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघितलं.

बाई, शब्द देते. माझ्या वर्गातलं एखादं पोर यायचं थांबलं, तर ते का येत नाही हे मी त्याच्या घरी जाऊन विचारीन. त्याच्या बापाशी भांडीन. एका पोरासाठीसुद्धा.

तुमची,
प्रज्ञा