टीप कमरेची पूर्ण काढून टाकावी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. हा आपला सवयीनं लिहिला. खरंच घालायची वेळ आली तर आज आठांऐवजी तीन-चार अंगांवरच भागवावं लागेल, कारण सकाळपासून मी तो काळा निमुळता स्कर्ट घालून बसले आहे आणि त्यात माझे गुडघे एकमेकांना सोडून कुठेही जाऊ शकत नाहीत. तुझा गुडघा कसा आहे? (डावा. उजव्याची चौकशी मागच्या पत्रात केली होती. तिचं उत्तर आलं नाही, म्हणजे तो बरा असावा.) भावजींचा खोकला गेला का? आणि तुझ्या जागी शाळेत आलेल्या नव्या पर्यवेक्षिकाबाईंना तू अजून रोज फोन करून वेळापत्रक समजावतेस की आता त्यांनीच फोन उचलणं बंद केलं? आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ‘मुद्द्यावर ये’ म्हणतेस आणि मला मुद्द्यावर यायला चार पानं लागणार आहेत. शिवाय गेल्या सहा महिन्यांत आपलं बोलणं ‘पोचलं’, ‘बरं’ आणि एक अंगठा एवढ्यावर येऊन ठेपलं आहे. अंगठ्याशी काय बोलायचं माणसानं?

आईचं कपाट आपण आवरलं ती दुपार तुझ्या लक्षात असेलच. (तुझ्या सगळं लक्षात असतं, हीच तर अडचण आहे.) तिचा तो बाटलीच्या हिरव्या रंगाचा ड्रेस मी हातात घेतला. कमरेला पट्टी, खाली घेर, पाठीवर कापडानं मढवलेली चौदा बटणं, आणि काजांऐवजी दोऱ्याची बारीक बारीक घरं. वर्षातून एकदा, बाबांच्या ऑफिसच्या संमेलनाला ती तो घालायची आणि बटणं आपण लावायचो. तू उंच म्हणून वरून, मी बुटकी म्हणून खालून, आणि मधे कुणाचं बोट आधी पोचलं यावरून आईच्या पाठीवर आपली मारामारी. तर मी तो ड्रेस छातीशी धरला आणि तू म्हणालीस, “तुला काय करायचाय? तू ठेवणारी, घालणारी नव्हेस.” मग शाळेत शिक्षा सुनावतात त्या आवाजात अटही घातलीस. सहा महिन्यांत घराबाहेर, चारचौघांत, निदान तासभर घालून दाखव. नाहीतर परत दे, मी त्याचे उशांचे अभ्रे शिवीन.

जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की तू कपड्यांबद्दल बोलत नव्हतीस. मी सगळंच चांगल्या दिवसासाठी ठेवते. आईकडे यायचंही मी असंच ठेवत गेले. पुस्तक छापायला गेलं की जाईन, उन्हं उतरली की जाईन, सलग चार दिवस मिळाले की जाईन. ते चार दिवस मिळाले तेव्हा आपण कपाट आवरत होतो. असो. यावर मी तुझ्याशी भांडू शकले नाही, म्हणून घरी येऊन माझ्या कपाटाशी भांडायचं ठरवलं. आईचा ड्रेस एकदम अंगावर घ्यायची हिंमत नव्हती. आधी माझ्याच कपाटातले घालायला अवघड स्कर्ट आणि ड्रेस एकेक करून घालायचे, हात बसला की मग हिरवा, असा बेत केला.

बाहेर काढले तेव्हा नग निघाले अकरा. प्रत्येक मी कुठल्यातरी वेगळ्याच बाईसाठी घेतला होता. ती बाई माझ्याहून उंच होती, तिला पोट नव्हतं, ती समुद्रकाठच्या व्हरांड्यात उभी राहून हसत असे आणि तिला कधीच बस पकडायची नसे. मी रोज बस पकडते. निमुळता स्कर्ट घालून पहिल्या दिवशी बसच्या पायरीशी गेले तर पाय पायरीपर्यंत उचलेना. आडवी झाले, खेकड्यासारखी एका बाजूनं चढायला लागले. कंडक्टर बराच वेळ बघत होता, मग अगदी मायेनं म्हणाला, “बाई, चढताय की उतरताय? तेवढं ठरवा, मी घंटा देतो.”

या काळात मला गुरू भेटली ती आमच्या मुद्रणालयातली मांडणीवाली. (पानांची मांडणी करते. मी पानांतल्या चुका काढते, ती पानांना रूप देते. त्यामुळे आमचं पटतं आणि पटत नाही.) तिचं म्हणणं असं की घालायला अवघड असा कपडा नसतोच. आपण एका पानावर फार मजकूर कोंबतो, हा खरा घोळ. खाली गर्दी असेल तर वर मोकळं सोडा. तो तांब्याच्या भांड्यासारखा चमकणारा चुण्यांचा स्कर्ट मी चकचकीत ब्लाउजवर घालून गेले, तेव्हा तिनं डोळ्यांवर हात धरला आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या मेहुण्यांचा जुना राखाडी शर्ट आणायला लावला. तो पुढून थोडासा खोचला, बाह्या दोनदा दुमडल्या, गळ्यात काही नाही. ताई, मी खरोखर बरी दिसले. (हे मात्र दिवसभर तो शर्ट शोधत होते. माझ्या अंगावर असताना शोधत होते. नकाशे काढणाऱ्या माणसाला समोरची वस्तू दिसत नाही, हे मी लग्नानंतर आठवड्याभरातच ताडलं होतं.)

सगळंच असं साधलं नाही. मोठमोठ्या फुलांचा तो पायघोळ ड्रेस समोरची बटणं सोडून कोटासारखा घातला. ही युक्ती चांगली आहे, तूही कर, फक्त खिडकीजवळ उभी राहू नकोस. मी राहिले, आणि हिशेबनीस लांबूनच म्हणाले, “अरे वा, पडदे आले वाटतं.” गुंडाळायच्या निळ्या स्कर्टची हकीकत तर मी सांगणारच नव्हते. त्याची नाडी लांब आहे. ती टेबलाच्या खणात अडकली, खण मी बंद केला आणि प्रुफांचा गठ्ठा घेऊन तरातरा निघाले. चार पावलं मी गेले, स्कर्ट मात्र टेबलापाशीच राहिला. आत लेगिंग होती म्हणून माझी नोकरी टिकली. आमच्या संपादकांनी कागदावरून डोळेही न उचलता म्हटलं, “पान उलटलं वाटतं.” त्यानंतर दोन दिवस मी सलवार-कमीज घातली आणि कुणाशी बोलले नाही.

पण खरं सांगू? अकरापैकी सात अंगाला लागले. माझी भीड चेपली. आणि मागच्या महिन्यात मी तुझी खिडकीची नजर आठवत (पेपर तपासताना मधेच खिडकीबाहेर बघतेस ती) हिरवा ड्रेस बाहेर काढला. डोक्यावरून घातला, खांद्यावर बसला, आणि कमरेवर येऊन थांबला. आई तुझ्या चणीची. मी बाबांच्या. तो परत काढायला गेले आणि आरशासमोर हिरव्या पिशवीत दोन्ही हात वर अडकलेल्या अवस्थेत मी बराच वेळ उभी होते आणि त्या वेळात मला तुझे अभ्रे दिसत होते, चौकोनी, नीट इस्त्री केलेले.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत. सगळे त्यांना सुईकाकू म्हणतात, कारण बोलताना त्यांच्या ओठांत टाचण्या असतात आणि बोलणंही त्याच जातीचं असतं. मी ड्रेस द्यायला गेले तर दुकानात त्या नव्हत्या, म्हणून ड्रेस ठेवला आणि त्याला चिठ्ठी टाचली. मला एवढंच हवं होतं की कमरेला वरून लावलेली ती पट्टी काढावी, म्हणजे बोटभर तरी सैल होईल. तेवीस वर्षं मी लोकांच्या पुस्तकांना तळटिपा लावते आहे, त्यामुळे साधं लिहायचा हात राहिलेला नाही. मी लिहिलं, ‘पट्टी जुनी झाली आहे. टीप: कमरेची पूर्ण काढून टाकावी. बाकी कशालाही हात लावू नये.’

चार दिवसांनी गेले. सुईकाकूंनी माझ्या हातात एक गठ्ठा ठेवला. वर ड्रेसचा वरचा भाग, खाली ड्रेसचा खालचा भाग, पट्टी निराळी. त्यांनी कमरेची टीप उसवली होती. पूर्ण. एक टाका ठेवला नव्हता. मी दोन्ही भाग एकमेकांना लावून पाहिले. मग मी म्हटलं, “काकू, हे काय केलंत?” त्यांनी टाचण्या काढून चिठ्ठी माझ्यासमोर धरली आणि म्हणाल्या, “वाचा तुमचं तुम्हीच. टीप कमरेची पूर्ण काढून टाकावी. काढली.” मी म्हटलं, टीपपुढे अपूर्णविराम आहे, ती दोन टिंबं दिसत नाहीत का? त्यांनी चष्मा वर करून बघितलं. “ती होय? मला टाचणीची भोकं वाटली.”

ताई, मी लोकांचे अपूर्णविराम लाल शाईनं जागेवर आणते. पट्टीही स्त्रीलिंगी, टीपही स्त्रीलिंगी, त्यामुळे व्याकरणही माझ्या मदतीला आलं नाही. आईच्या हातचे टाके मी दोन टिंबांनी घालवले होते. तिथल्या स्टुलावर बसले आणि मला रडू यायला लागलं. (निमुळता स्कर्ट होता, म्हणून बसतानाही सावकाश बसावं लागलं. घाईनं रडायचीसुद्धा सोय नाही त्यात.) सुईकाकूंनी मला रडू दिलं, आणि मग वरचा भाग उलटा करून माझ्या मांडीवर टाकला. “आधी हे बघा आणि मग काय ते रडा. हा शिवला कुणी?”

कडेच्या शिवणींत, दोन्ही बाजूंना, चार-चार बोटं कापड आत दाबून ठेवलेलं होतं. खालच्या घेरातही तसंच. आम्ही पानाच्या कडेला सोडतो त्याला समास म्हणतो. सुईकाकू त्याला काही म्हणाल्या नाहीत, फक्त त्यावरून अंगठा फिरवला. “वाढत्या अंगाचा शिवलाय. मोठ्या बाईचा ड्रेस असा कोण शिवतं?” आई शिवायची. तुझे गणवेश, माझे फ्रॉक, बाबांचे पायजमे, सगळं वाढत्या अंगाचं. तिला दुसऱ्या कुठल्या मापानं शिवताच येत नव्हतं. स्वतः जन्मभर काडीसारखी राहिली आणि ड्रेसमध्ये चार बोटं कुणासाठी तरी ठेवून गेली. तुझी कंबर अजून तीच आहे, हे तूच दर दिवाणखान्यात सांगतेस. मग अंग वाढलं कुणाचं? हा पुरावा मी तुझ्यासमोर ठेवते आणि अभ्र्यांचा दावा फेटाळावा अशी विनंती करते.

सुईकाकूंनी ते कापड सोडलं, ड्रेस पुन्हा जोडला. उघडलेल्या कापडाचा रंग आत राहिल्यामुळे जरा गडद आहे, दोन्ही कुशींना हिरव्याचा एकेक गडद पट्टा दिसतो. मांडणीवाली म्हणाली, राहू दे, मुद्दाम केल्यासारखा दिसतो. खाली सपाट चपला, गळ्यात काही नाही. पुढच्या रविवारी आमच्या मुद्रणालयाला पंचवीस वर्षं होतात, त्याचा कार्यक्रम संध्याकाळी पाच वाजता आहे. घराबाहेर, चारचौघांत, तासाहून जास्त. मी मोजलं आहे, तुझे सहा महिने त्याच दिवशी संपतात.

भावजींना नमस्कार. खोकल्याचं कळव. डाव्या गुडघ्याला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. १ – मुद्दा राहिलाच. बटणं. माझा हात पाठीवर खालून जातो तेवढा जातो, आणि बरोबर सात बटणांपर्यंत पोचतो. त्याच्या वर नाही. यांना सांगून पाहिलं. यांनी चष्मा पुसला, दिवा जवळ घेतला, वीस मिनिटं लावली, आणि शेवटी जाहीर केलं की ड्रेसला एक बटण जास्त आहे. (पहिलंच घर चुकलं होतं.) माझ्या वाट्याची खालची सात मी लावीन. वरची सात तुझी. रविवारी चार वाजता ये. मधल्याशी कुणाचं बोट आधी पोचतं ते बघू.

ता. क. २ – काढलेली पट्टी तुझ्यासाठी ठेवली आहे. उशीचा अभ्रा होणार नाही, पण चष्म्याचं घर होईल.

ता. क. ३ – पाकीट बंद करताना हे म्हणाले, सगळं खरं लिहिलंस ना? म्हणून एवढं आणखी. काल तिसऱ्या खेपेला यांनी चौदाच्या चौदा बटणं तीन मिनिटांत बिनचूक लावली. मी आरशात बघितलं, छान बसली होती. मग वरची सात त्यांना पुन्हा काढायला लावली. तू चारला ये. बस चुकली तर कार्यक्रमाला उशीर झाला तरी चालेल, मी अशीच पाठ उघडी ठेवून दाराशी बसेन.