चौथ्या प्रकरणातली दुरुस्ती

कोराडी,
मंगळवार

प्रिय भावनाताई,

हे पत्र गोपिकामावशी तुझ्या हातात देतील. त्या आपल्याच कॉलनीत राहतात आणि रामदासपेठेतल्या त्या दवाखान्यात, तुम्ही आहात त्याच मजल्यावर, फरशी पुसतात. तुझा फोन सासूबाईंच्या पर्समध्ये असतो, हे त्यांनीच सांगितलं. उजवा हात प्लास्टरमध्ये असताना तू डाव्या हाताने पियुषभाऊजींना सूप भरवतेस, हेही. वाचून झालं की पत्र फाडून टाक, पण सोबतचा छापील कागद ब्लाउजमध्ये जपून ठेव.

आपली नेटवरची मार्गदर्शिका अजून कच्च्या मसुद्यातच आहे. उन्हाळ्यात तू माहेरी आलीस तेव्हा आपण कूलरसमोर बसून प्रकरणं वाटून घेतली होती. विमान कंपनीचे पॉइंट कसे मिळतात, त्यांवर फुकट तिकीट कसं काढायचं, हे मराठीत नेटवर कुठेच नीट नाही म्हणून तू चिडली होतीस. पहिली तीन प्रकरणं तुझी, चौथं-पाचवं माझं, उरलेली नेटवर भेटलेल्या अमरावतीच्या उन्नतीची, जिला आपण दोघांनी कधी पाहिलेलंही नाही. बारावी अर्धवट सोडून तिकिटांच्या दुकानात बसणाऱ्या भावाला तू लेखक केलंस. मी कंपनीचे नियम चार वेळा वाचले आणि चौथ्या प्रकरणात लिहिलं की घरातल्या सगळ्यांचे पॉइंट एकाच कुटुंब खात्यात टाका, तिकीट लवकर मिळतं. ते खरंच आहे. पण त्या खात्यातून कोणीही तिकीट काढलं की खातेप्रमुखाला लगेच मेल जातो, ही ओळ मी गाळली. जागा उगाच कशाला अडवायची, असं वाटलं.

तू माझं वाचून, लग्नाआधीच्या पुण्याच्या नोकरीत विमानाने फिरून साठलेले तुझे पॉइंट भाऊजींच्या खात्यात टाकलेस. आणि गेल्या महिन्यात त्याच पॉइंटांवर तुझ्या मैत्रिणीकडे, मेघाकडे, बंगळुरूला जायचं तिकीट गुपचूप काढलंस. बाहेरच्या खोलीत त्यांचा फोन वाजला. "काहून वं, कोणाले सोडून चालली?" असं हसत म्हणत ते आत आले. तुझा हात लोखंडी कपाटाच्या चौकटीवर धरला आणि दार लोटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लोटलं. आईला तू सांगितलंस, बाथरूममध्ये घसरले. मला खरं सांगितलंस आणि वर म्हणालीस, "तुझी काही चूक नाही गा, धम्मा." त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्यास तर मी घरी बसलो असतो.

मावशी म्हणतात, गुंडांनी मारल्यापासून भाऊजी पार बदलले आहेत, रडतात, तुझा हात कुरवाळतात, आणि तू आता जायचं मनातून काढलं आहेस. ताई, ते गुंड नव्हते. शनिवारी दुपारी जरीपटक्यात तुमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये हेल्मेट घालून मी उभा होतो, हातात दुकानाच्या गाडीच्या जॅकचा दांडा घेऊन. एकच फटका मारायचं ठरवलं होतं, उजव्या हातावर, जसं तुझं झालं तसंच. पण ते वळले आणि फटका त्यांच्या गुडघ्यावर बसला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. खाली पडून ते माझे बूट धरून "नको गा, नको गा" म्हणत होते, दातांना रक्त लागलं होतं, तरी मी दुसरा मारला. मग तिसरा. तिसऱ्याला मला बरं वाटलं. दांडा नळाखाली धुतला, पण ते बरं वाटणं काही गेलं नाही. आता मला माझ्याच हातांची भीती वाटते. मी तुझा सूड घेतला असं समजू नकोस. माझी चूक मी दुसऱ्याच्या हाडांवर काढली.

म्हणून हे लिहितो आहे. भाऊजी बदललेले नाहीत, ते फक्त खाटेवर पडून आहेत, आणि त्यांचे दोन्ही हात शाबूत आहेत. शुक्रवारी त्यांना सुट्टी मिळेल. तुझं विमान गुरुवारी सकाळी अकरा वाजता आहे. नेटवरच्या त्या मसुद्याच्या कडेला टीप टाकून मी उन्नतीला एवढंच विचारलं होतं की नागपूर-बंगळुरूपुरते पॉइंट आहेत का. कारण न विचारता तिने तिच्या खात्यातून तिकीट काढलं. मेल तिलाच गेला, दुसऱ्या कोणाला नाही, मी तीनदा तपासलं. तुझ्या आधारवर अजून आपलंच आडनाव आहे, सोबतचा छापील कागद म्हणजे तिकीट, तेही त्याच नावाने आहे. साडेआठला मावशी औषधं आणायच्या निमित्ताने तुला खाली नेतील, गेटवर रिक्षा असेल. मी नसेन, मला पाहून तू थांबशील. "पोचली" असा मेघाचा फोन आला की मी पोलीस ठाण्यात जाऊन सगळं सांगणार आहे. त्यासाठी परत येऊ नकोस. चौथं प्रकरण मी पुन्हा लिहिलं, गाळलेली ओळ आता सगळ्यात वर आहे. पाचवं अर्धं राहिलं. ते तिकडे बसून तू पुरं कर, डाव्या हाताने का होईना.

तुझाच,
धम्मा