फ्रोग्नर बागेच्या फाटकासमोर

९ जून, रविवार. कोपनहेगन

चढले एकदाची बोटीवर! पॉल गेल्यापासून ऑर्हूसच्या बाहेर पाऊल टाकलं नव्हतं. नील्स म्हणाला होता, आई, घरात बसून तू भिंतींशी बोलायला लागशील. म्हटलं, भिंती निदान उलटून तरी बोलत नाहीत. पण आले.

बोट सुटायला चार तास होते, म्हणून किनाऱ्यावरच्या जलपरीच्या पुतळ्यापर्यंत चालत जाऊन आले. सदुसष्ट वर्षांत तिला तिसऱ्यांदा पाहिली. दर वेळी आणखी लहान वाटते.

जेवणाच्या टेबलावर जोडपं चांगलं मिळालं. आस्गर आणि युटे, ओडेन्सचे. तो निवृत्त मुख्याध्यापक. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून ही सफर. युटे फारशी बोलत नाही. तिला काय खायचं ते तोच सांगतो, माशाचे काटेसुद्धा तोच काढून देतो. तिचा पासपोर्ट, फोन सगळं त्याच्या खिशात. "ही सगळं हरवते हो," म्हणाला. पॉलला माझा चष्मा कुठे आहे हेसुद्धा कधी ठाऊक नसायचं!

त्यांचे फोटो मीच काढले. युटे नीट हसेना, म्हणून त्याने तिची मान मागून धरून जरा वळवली. मांजरीचं पिल्लू उचलावं तशी. मग हसली.

१० जून, सोमवार. ओस्लो

आज एक गंमत झाली.

सकाळी नगरभवन, मग फ्रोग्नर बागेतले पुतळे. पुलावरच्या त्या रागावलेल्या पोराचा हात लोकांनी धरून धरून पिवळा केलाय. माझे गुडघे बोलायला लागले, म्हणून मी बाकी मंडळींना पुढे जाऊ दिलं आणि फाटकाजवळच्या बाकावर बसले.

समोर पाहते तर युटे! एकटीच. रस्ता ओलांडून बेकरीकडे गेली. बेकरीला लागून एक पिवळं घर आहे, त्याच्या दारात बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांची एक बाई उभी होती. तिने युटेच्या हातातली पिशवी घेतली. युटेने वळून पाहिलं आणि मी दिसले. चेहरा असा झाला, जणू वर्गात कॉपी करताना पकडलेली मुलगी. मग तिने तोंडावर बोट ठेवलं.

मीही हसून तोंडावर बोट ठेवलं. नवऱ्यासाठी काहीतरी भेट घेत असणार! अशी गुपितं पाळायला मला आवडतं.

बसमध्ये आस्गर एकटाच होता. म्हणाला, तिचं डोकं दुखत होतं, टॅक्सीने पुढे गेली. चेहरा पिठासारखा पांढरा. जेवायलाही एकटाच आला. अगदी शांतपणे जेवला. तिच्या खुर्चीवर त्याने आपला कोट ठेवला होता.

११ जून, मंगळवार. समुद्रात

युटे आजारी. म्हणे बोट लागलीय. समुद्र तर आरशासारखा आहे.

१२ जून, बुधवार. समुद्रात

दुपारी त्यांच्या खोलीवर गेले, सूप घेऊन. दार वाजवलं. कुणी नाही. कान लावला. आत काहीच नाही, खोकला नाही, पाणी नाही.

खोल्या आवरणारी रोवेना फिलिपिन्सची आहे, स्वभावाने गोड. तिला सहज विचारलं. तिने आधी मागे-पुढे पाहिलं. मग म्हणाली, "बाई, त्या खोलीत दोन दिवस एकाच उशीवर डोकं ठेवलेलं असतं."

सूप माझ्या हातातच गार झालं.

१३ जून, गुरुवार. स्टॉकहोम

ते जुनं लढाऊ जहाज पाहिलं, पहिल्याच सफरीत बंदराजवळच बुडालेलं. सगळे त्याच्यावरच्या कोरीव कामाबद्दल बोलत होते. मी आस्गरकडे पाहत होते. तो रांगेत सगळ्यांच्या पुढे. माहिती सांगणाऱ्या मुलीची त्याने दोनदा चूक काढली. बायको खोलीत आजारी असलेला माणूस असा वागतो? आणि ती खोलीत नसेल तर?

स्वागतकक्षात विचारलं. मुलगी म्हणाली, दुसऱ्या प्रवाशांबद्दल आम्ही काही सांगत नाही. म्हटलं, ती बोटीवर आहे एवढं तरी सांग. तिने कागदात डोकं घातलं.

ओस्लोहून ती बोटीवर परतली, असंच मी धरून चालले होते. मग समुद्र. कठडा. दोन दिवस. मला नको नको ते सुचतंय.

१४ जून, शुक्रवार. हेलसिंकी

विचारलं त्याला. सरळ.

खडक फोडून बांधलेल्या त्या चर्चमधून बाजाराच्या धक्क्यावर आलो होतो. तो माझ्यासमोर येऊन बसला, दोघांपुढे सॅल्मन माशाचं सूप. मी म्हटलं, "युटे कुठे आहे? ती खोलीत नाही हे मला ठाऊक आहे."

आणि तो रडायला लागला. मोठा माणूस, चारचौघांत. माझी मान खाली गेली. म्हणजे मी त्याला खुनी समजत होते!

"ती सोडून गेली मला, बिर्टेबाई," म्हणाला. "ओस्लोत. लाजेपायी कुणाला सांगितलं नाही. तिचं डोकं ठिकाणावर नसतं हो. गोळ्याही इथेच राहिल्या. चार दिवस गोळीविना." खिशातून बाटली काढून दाखवली. "त्या दिवशी तुम्ही बाहेर बसला होतात. दिसली का हो कुठे?"

मी सगळं सांगितलं. फाटक, बेकरी, पिवळं घर, पांढऱ्या केसांची बाई. किती हलकं वाटलं!

तो म्हणाला, "घर बेकरीच्या डावीकडे, की उजवीकडे?"

उजवीकडे, म्हटलं.

माझा हात हातात घेतला, फोन नंबर घेतला, आपलाही दिला. रडणं कधी थांबलं होतं ते लक्षातच आलं नाही. सूप त्याने संपवलं, पावाने वाटी पुसून.

बोट सुटली तेव्हा तो बोटीवर नव्हता. सामान घेऊन उतरला.

१५ जून, शनिवार. समुद्रात

रोवेना त्यांची खोली रिकामी करत होती. पलंगाखाली गोळ्यांची बाटली सापडली. म्हणाली, ही तुमच्या ओळखीच्या साहेबांची, पोचवाल का? तीच बाटली. चष्मा लावून बाटलीवरची चिठ्ठी वाचली. रक्तदाबाच्या गोळ्या. नाव आस्गरचं.

त्याला तीनदा फोन लावला. उचलत नाही.

१६ जून, रविवार. समुद्रात

सगळं त्याला सांगितलं, पण तोंडावरच्या बोटाचं नाही सांगितलं. का नाही? तेव्हाच कळलं होतं का मला?

ओस्लोच्या पोलिसांना फोन करावा का? आणि काय सांगायचं – एका बाईने मला गप्प राहायला सांगितलं होतं आणि मी राहिले नाही? मानेवरचा तो हात कुणाला कसा सांगायचा? चाळीस वर्षांचा संसार आहे, मी कोण मध्ये पडणारी. उद्या कोपनहेगन. घरी पोचले की शांतपणे बघू.

१७ जून, सोमवार. ऑर्हूस

घरी. दुपारी आस्गरचा निरोप आला फोनवर. "सापडली. तुमचे उपकार कधी विसरणार नाही."

पुन्हा पुन्हा वाचला. उत्तर दिलं नाही. पोलिसांचा नंबर कागदावर लिहून काढला. मग घरातल्या सगळ्या खिडक्या पुसल्या, आतून आणि बाहेरून. नील्स विचारत होता, सफर कशी झाली. छान झाली, म्हटलं.

१९ जून, बुधवार

सकाळी ओस्लोहून फोन. पोलीसबाई होती, आवाज तरुण. युटे सोमवारी संध्याकाळी गेली. तिची बहीण, ती पांढऱ्या केसांची, इस्पितळात आहे. आस्गर त्यांच्या ताब्यात. त्याच्या फोनमधला शेवटचा निरोप मला होता, म्हणून विचारतेय, म्हणाली. ते घर बहिणीच्या नावावरही नव्हतं, पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. त्याला तो कुणी सांगितला, काही कल्पना आहे का?

मी म्हटलं, नाही.