हिरवे मफिन

रविवार, ७ सप्टेंबर

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

‘सूनबाई’ लिहावं की नाही, यावर बराच वेळ पेन धरून बसले होते. दुसरं काही सुचेना, मग म्हटलं राहू दे.

आम्ही इकडे ठीक आहोत. पहाटेची पहिली बस अजून तूच चालवतेस असं ठिपकी सांगत होती. गळ्याभोवती काहीतरी गुंडाळत जा, ड्रायव्हरच्या खिडकीतून वारं सरळ कानात शिरतं. माझा गुडघा नेहमीप्रमाणे कुरकुरतोय. शिवणाचं मशीन आता मी फक्त पुसते. चौतीस वर्षं शाळांचे गणवेश बेतले, आता एका पोरीचं बटण लावायचं तर सुईत दोरा ओवायला तिलाच बोलावते. ती आठवड्यात एकदा तरी म्हणते, “आजी, तू खरंच टेलर होतीस का गं?”

फोन न करता पत्र लिहितेय आणि ठिपकीच्या दप्तरात ठेवतेय, कारण फोनवर आपण दोघी ‘हं’, ‘बरं’ यांच्या पुढे जात नाही.

काम असं आहे. ठिपकी सकाळी काही खात नाही. तीन महिने झाले ती आठवडाभर आमच्याकडे असते, तुझ्याकडे फक्त रविवारी, आणि तीन महिन्यांत मी सगळं करून पाहिलं. अंडं उकडून दिलं, तर पिवळं बशीच्या कडेला लावून ठेवते. दुधात ओट्स घातले तर म्हणते, “हे आधीच कुणीतरी खाल्लंय.” फळं कापून दिली तर सफरचंदाची एक फोड दाताखाली धरून दार गाठते. परवा शाळेच्या बाईंनी निरोप पाठवला, की दहाच्या सुमारास ती बाकावर डोकं टेकून बसते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुझ्याकडे असताना ती ते छोटे मफिन खायची ना? गाजराचे, सफरचंदाचे. रविवारी करून तू फ्रीजरमध्ये ठेवायचीस आणि पहाटे निघताना दोन बाहेर काढून जायचीस. शेजारच्या मावशी फक्त गरम करून द्यायच्या. मी तेव्हा त्याला शिळं म्हणाले होते, हे मला आठवतं. तुलाही आठवत असेल.

कृती कळव. प्रमाणासकट. माझ्या हातून केक कधी धड झालेला नाही.

बाकी कोर्टात जे ठरलं त्याबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. समुपदेशक बाईंनी अहवाल दिला, त्यावरून झालं. त्यात आपण दोघींनी पडायला नको.

तुझी,
ठिपकीची आजी

*

रविवार, २१ सप्टेंबर

चि. सूनबाईस,
आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी मिळाली. ड्युटीच्या तक्त्याच्या पाठीमागे लिहिलेली, ना वर नाव ना खाली सही. ‘गाजरं दोन, किसून घट्ट पिळा’ इथूनच सुरुवात. मला आवडलं. माझ्या हाताखालच्या मुलींना मीही असंच लिहून द्यायची: बाही इतकी, गळा इतका, उगाच पाल्हाळ नाही.

पहिला घाणा बिघडला. तू ‘पीठ जेमतेम ओलं होईपर्यंतच ढवळा’ असं लिहिलं होतंस आणि खाली रेघ मारली होतीस. तरी मी गुठळ्या दिसतात म्हणून चांगली पाच मिनिटं घोटलं. मफिन निघाले ते असे, की एक खाली पडला तर टप्पा घेईल असं वाटावं. माझ्या लेकाने एक चावून पाहिला आणि म्हणाला, “आई, दुकानात चष्म्याच्या काचा घासायला नेऊ का?” त्याला विनोद सुचला याचाच मला आनंद झाला. हल्ली तो घरात फार बोलत नाही.

दुसऱ्या वेळी ठिपकी स्टुलावर उभी राहिली आणि मुकादम झाली. “आजी, थांब. आई इथे थांबते.” मी थांबले. गुठळ्या तशाच. दोन पिकलेली केळी काट्याने चेचली, गव्हाचं पीठ, ओट्स, खायचा सोडा, दही, अंडी, तेल, गाजर पिळून, सफरचंद सालासकट किसून. साखर नावाला. कागदी वाट्या पाऊण भरल्या. वीस मिनिटांनी ओव्हन उघडला, तर प्रत्येकाने टोपी वर काढलेली! मी आणि ठिपकी दोघी टाळ्या वाजवत होतो.

पूर्ण गार होईपर्यंत जाळीवर ठेवले, मगच डब्यात भरले, नाहीतर आत बर्फ धरतो हे तू लिहिलं होतंसच. सोमवारी सकाळी दोन गरम करून तिच्यापुढे ठेवले. मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही, पाठमोरी होऊन भांडी विसळत राहिले. वळले तेव्हा बशीत नुसते कागद होते.

सगळा आठवडा हेच. मंगळवारी लाल भोपळ्याचे, गुरुवारी बिटाचे. शाळेच्या बाईंचा निरोप आला नाही.

एक मात्र झालं. शुक्रवारी खाता खाता ठिपकी म्हणाली, “आईचे एकदा हिरवे झाले होते. मग तू फोटो काढलास.”

मी म्हटलं, “दूध पी.”

यावर आणखी लिहायचं होतं, पण कागद संपला. खरं तर संपला नाही, तू बघतेच आहेस. पण आज इतकंच.

तुझी,
ठिपकीची आजी

*

रविवार, १२ ऑक्टोबर

चि. सूनबाईस,

आज आशीर्वाद आधी लिहीत नाही. पत्र पूर्ण वाच आणि मग तुला ते हवेत का ते बघ.

मागच्या शनिवारी मी मफिनमध्ये सूर्यफुलाच्या बिया घातल्या. तुझ्या चिठ्ठीत त्या नव्हत्या. ठिपकीला दाताखाली काहीतरी कुरकुरीत लागलेलं आवडतं, म्हणून मूठभर घातल्या. ओव्हनमधून निघाले तेव्हा छान तांबूस. रविवारी सकाळी ठिपकीला तुझ्याकडे पाठवायच्या आधी एक मोडला. आत प्रत्येक बीभोवती हिरवंगार.

मी खुर्चीत बसले. आदल्या संध्याकाळी माझ्याच हातांनी केलेले, धुतलेल्या भांड्यात, ताजी अंडी, ताजं पीठ. बुरशी यायला एक रात्र पुरत नाही. आणि हिरवा रंग अगदी तोच. तुझ्या डब्यात पाहिला होता तो.

ठिपकी बाबाबरोबर तुझ्याकडे गेल्यावर मी तो मफिन रुमालात गुंडाळला आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले. बेकरीवाले आजोबा माझ्याहून म्हातारे, त्यांनी तो उजेडात धरला, हुंगला आणि सरळ तोंडात टाकला.

“अहो, हिरवं आहे ते!” मी ओरडले.

“असणारच. बिया सूर्यफुलाच्या, आणि खायचा सोडा जास्त पडलाय. दोघांची गाठ पडली की गार होताना हिरवं होतं. माझा पहिला घाणा असाच झाला होता, मालकाने सगळा फेकायला लावला. खायला काही वाईट नाही. सोडा कमी करा, थोडं लिंबू पिळा.” आणि उरलेला अर्धाही त्यांनी संपवला.

तिथून घरी कशी आले ते मला सांगता यायचं नाही.

तुला माहीत आहे ते आधी लिहिते. मे महिन्यात ठिपकी नेहमीसारखी शुक्रवारी आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या डब्यात तुझे दोन मफिन होते. मी ते मोडून फोटो काढला आणि पुढच्या बुधवारी समुपदेशक बाईंच्या टेबलावर फोन ठेवला. म्हणाले, “पोरीला बुरशी आलेलं खायला घालते. आई पहाटे निघून जाते, मागे कोण बघतंय?” तू समोरच बसली होतीस, गणवेशात, थेट डेपोतून आलेली. मला वाटलं होतं तू भांडशील. तू फोटोकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, “मी बघायला हवं होतं. चुकलं माझं.” बाईंनी ते लिहून घेतलं. त्या एका वाक्यावर ठिपकी तुझ्याकडून माझ्याकडे आली.

सूनबाई, तुझं काही चुकलं नव्हतं. ते अन्न चांगलं होतं. तू पाच महिने मनात काय घेऊन ती बस चालवली असशील, याचा विचार केला की भरलेलं ताट तसंच झाकून ठेवते.

आता तुला माहीत नाही ते.

फोटो काढल्यावर मी तो मफिन हुंगला होता. वास गोड होता, केळ्याचा आणि भाजलेल्या बियांचा. मी एक तुकडा तोंडात टाकला. मग आणखी एक. अर्धा मफिन मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खाल्ला, सूनबाई. चांगला लागला. बुरशीची चव मला कळत नाही असं नाही, सगळी हयात स्वयंपाक केलाय मी. ती बुरशी नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. हिरवं का झालं ते कळलं नव्हतं, इतकंच. आणि मी ते शोधायला गेले नाही, कारण मला तो फोटो हवा होता.

का, ते विचारशील. तुम्ही दोघं वेगळे झालात तेव्हा माझा लेक भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला. मला वाटलं, पोर घरात असली तर तो उठेल. आणि माझं मशीन बंद, दिवस मोठे. कारणं खरी आहेत, पण कारणांनी गुन्हा लहान होत नाही.

सोमवारी लेक दुकानातून आल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो बूट सोडत होता, एक बूट पायात तसाच राहिला.

“तू खाल्ला होतास?”

“हो.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू विचारलं नाहीस. आणि विचारलं असतंस तर मी खोटंच सांगितलं असतं.”

दोन दिवस तो माझ्यासमोर जेवायला बसला नाही. ताट वाढलं की घेऊन खोलीत. बुधवारी सकाळी ठिपकी शाळेत गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, “तिने त्या दिवशी ‘चुकलं माझं’ म्हटलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं, आई. मी जिंकलो असं वाटलं होतं.” मग म्हणाला, “मी सुट्टी टाकलीय. चल.”

आम्ही दोघं समुपदेशक बाईंकडे गेलो. मी पुन्हा मुद्दाम केलेले बियांचे मफिन डब्यात नेले होते. एक त्यांच्यापुढे मोडला आणि त्यांच्या देखत खाल्ला. तुला लिहिलं तेच त्यांना सांगितलं, अर्ध्या मफिनसकट. त्यांनी जुनी फाइल काढून माझा पहिला जबाब पुन्हा वाचला.

मग विचारलं, “हे लेखी द्याल? पहिली साक्ष खोटी होती असं?”

“म्हणून तर आले.”

“तुमच्यावर याचा ठपका येऊ शकतो. आणि नात तुमच्याकडून जाईल, कळतंय ना?”

“कळतंय,” मी म्हटलं आणि त्यांच्याकडून पेन मागून घेतलं.

पानभर लिहून सही केली. त्याखाली माझ्या लेकाने त्याचं लिहिलं: ठिपकी पूर्वीसारखी आठवडाभर तुझ्याकडे आणि शनिवार-रविवार आमच्याकडे राहावी, त्याची हरकत नाही. तसं लिहायला त्याला मी सांगितलं नव्हतं. बाई म्हणाल्या, दोघांची संमती असेल तर तारखेसाठी थांबायला नको, तुझी सही झाली की पुरे. त्या तुला उद्या फोन करतील. तू घाबरू नयेस म्हणून आधी हे पत्र.

ठिपकीला काल सांगितलं. ती आनंदाने कॉटवर उड्या मारत होती, मग एकदम थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तू रडणार आहेस का?” मी म्हटलं, “थोडी.” ती म्हणाली, “चालेल,” आणि पुन्हा उड्या मारायला लागली. तिचं बरोबर आहे.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी स्वतः तिला घेऊन तुझ्याकडे येईन, हा पहिला शनिवार-रविवारही ती तुझ्याकडेच राहू दे. कपड्यांची बॅग मोठी आहे, तिला एकटीला उचलायची नाही. दारापाशी थांबेन. आत बोलावलंस तर येईन, तुझ्यासमोर बसून हेच सगळं तोंडाने पुन्हा बोलेन. कागदावर लिहिलं म्हणजे फिटलं, असं मी मानत नाही. नाही बोलावलंस तर बॅग उंबऱ्याच्या आत सरकवून मागे फिरेन. तुझ्यावर रुसायचा हक्क मला राहिलेला नाही.

माफ कर असं लिहीत नाही. ते मागायची घाई मला शोभत नाही.

तुझी अपराधी,
आई