उणे सातचा चष्मा

सोलापूर,
१९ जानेवारी २०२५

चि. सुकन्यास,

गौरम्मा आत्याचे आशीर्वाद. इकडे ठीक. आमच्या ह्यांचा, म्हणजे तुझ्या मामांचा, खोकला आणि माझी जीभ, दोन्ही थांबत नाहीत. फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मग खरं सांगायचा माझा धीर जातो.

परवा डोळ्यांच्या दवाखान्यात मी तुला आधार म्हणून आले होते. आणि तू? तुमच्या साखर कारखान्याच्या लॅबमध्ये तू उसाचा रस तपासतेस तसं डॉक्टरांनाच तपासलंस. कॉर्निया किती पातळ? डोळे कोरडे पडले तर किती महिने थेंब? रात्री दिव्यांभोवती वलयं दिसली तर? नंबर परत आला तर पुन्हा खर्च कुणाचा? शेवटी ते म्हणाले, "लेसर करता येईल, पण तुमच्या कॉर्नियाची जाडी काठावर आहे." एवढ्या चौकशीत मी एकच प्रश्न विचारला, "लग्नाच्या फोटोत डोळे लाल दिसणार नाहीत ना?"

रिक्षात तू म्हणालीस, "आत्या, चष्म्यानं मला सगळं दिसतंय की. धोका कुणाच्या हौसेसाठी घेऊ?"

मी गाल फुगवून बसले. त्याचं कारण असं की, तुझ्यासाठी बघितलेल्या इंद्रजीतच्या आई, विजयमालाबाई, नुसत्या "चष्मा जाड हाय की पोरीचा" म्हणाल्या, आणि मी लगेच सांगून मोकळी झाले, "लग्नाआधी काढणार हाय ती." तुला न विचारता.

मला बघायला आले तेव्हा तुझ्या आजीनं माझा चष्मा फडताळात ठेवला होता. "मुलगा पसंत?" विचारलं, मी मान डोलावली. समोर एक पांढरा सदरा होता, एवढंच खात्रीनं सांगू शकते. मामा निघाले बरे, ते नशीब. अक्कल नव्हे. तुझ्या वयात मला "चष्मा द्या" एवढे दोन शब्द सुचले नाहीत. तू डॉक्टरांना अर्धा तास घाम फोडलास. बाहेर येऊन मी तुला आगाऊ म्हणाले. खरं तर हेवा वाटला गं.

आज विजयमालाबाईंकडे जाऊन आले. सांगितलं, "लेसर करणार न्हाय ती. शब्द माझा होता, तिचा नव्हे." त्या म्हणाल्या, "बरं. घरात बोलून कळवतो." हे 'कळवतो' मीही बऱ्याच जणांना ऐकवलंय.

स्थळ गेलं तर माझ्या खोट्यामुळं जाईल. तुझ्या बाबांना हे मीच सांगणार आहे, तू मध्ये पडू नकोस.

तुझ्याहून फक्त वयानं मोठी,
आत्या