गाडीचं रीळ

चालू खेळ मी थांबवला, बाबा. हात आधी दिव्यांच्या बटणाकडे गेला आणि मग यंत्राकडे. त्यामुळे क्षणभर पडद्यावरचा पूर आणि हॉलमधला उजेड दोन्ही एकदम होते, आणि त्या उजेडात मला दिसलं की सगळा हॉल उभा आहे. बायका पडद्याकडे हात करून ओरडत होत्या. पुढच्या रांगेतला एक म्हातारा वळून थेट केबिनच्या झरोक्याकडे बघत म्हणाला, "पेटी बदलली! ही आमची पेटी नाय!" त्याला कोण सांगणार की आता रिळांच्या पेट्या येत नाहीत. मी जिना उतरून खाली धावले. तुमच्या केबिनमधून चालू खेळात कुणी असं पळताना तुम्ही पाहिलं नसेल. तुम्ही तर खेळ सुरू असताना पाणी प्यायलाही खाली येत नसायचात.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, म्हणून आधी इथलं सांगते. डहाणूचा हा हॉल आता मी चालवते. मालक गेले. त्यांचा मुलगा गुजरातेत वापीला असतो, आणि ऑपरेटरच्या मुलीला यंत्राची खोली माहीत आहे एवढ्या भरवशावर त्याने हॉल माझ्याकडे दिला. मी शाळेतली नोकरी सोडली. आता रिळं नाहीत. पिक्चर एका डबीतून येतो, कॉम्प्युटरमध्ये शिरतो आणि मुंबईहून परवाना आल्याशिवाय उघडत नाही. परवाना येतो, माणसं येत नाहीत. सोमवार ते शुक्रवार पाचजण जमले नाहीत तर मी खेळ रद्द करते. आलेल्या दोघा-तिघांना दारातून परत पाठवताना त्यांच्याकडे बघत नाही. तुम्ही एका माणसासाठीही पूर्ण खेळ चालवायचात. बाल्कनीच्या निम्म्या खुर्च्या काढून ठेवल्यात. ज्यांना पिक्चर हवा ते वापीला जातात, बाकीच्यांच्या हातातल्या फोनवर तो असतोच. मागच्या महिन्यात मालकांचा मुलगा म्हणाला, "ताई, वाढवणच्या बंदरासाठी लोक गोडाऊन शोधतायत. मला रोज फोन येतात ने. एक रविवार हॉल भरून दाखवा, आणि तो भरत राहील एवढं पटवा. अजून एक वर्ष देतो."

म्हणून मी तलासरीकडे गेले. सायवनकडेही गेले, पण खरा भरवसा तलासरीच्या पाड्यांचा होता, कारण तुमच्या काळात सहाचा खेळ त्यांनीच भरलेला असायचा. जुने पिक्चर पुन्हा लावायची आता सगळीकडे लाट आहे. मी एका अंगणात बसून विचारलं, कुठला लावू? भाताच्या पेंढ्यावर बसलेली एक आजी लगेच म्हणाली, "तो भावाबहिणीचा लाव. बहिणीला नदीपलीकडं देतात, तो." आजूबाजूच्या सगळ्या बायकांनी माना हलवल्या. त्यांच्याकडे लग्नात त्या बहिणीचं गाणं म्हणतात असं कळलं. पिक्चरच्या शेवटी भाऊ नदीत हिरवं लुगडं सोडतो, पलीकडे तिच्या सासरी पोचावं म्हणून, अशी त्या गाण्यातली गोष्ट. आजी म्हणाली, "आमी चार वेळा बघितला. लाव तू, टेंपो भरून येतो. चांगला दाखवलास तर दर रविवारी येऊ." मी हरखून गेले. तो पिक्चर मी पाहिलेला नव्हता. माझ्या जन्माच्या थोडा आधी तो इथे लागला होता. पुढे एकदा टीव्हीवर लागला तेव्हा आईने टीव्ही बंद केला आणि वीज वाचवायची म्हणाली, हे मला आज आठवतंय.

गाडीचं रीळ मात्र मला ठाऊक होतं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. तुम्ही मला केबिनमध्ये स्टुलावर बसवलंय, माझ्या हातात रीळ गुंडाळायचं हँडल आहे, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तुम्ही एक डबा बाजूला ठेवता. तलासरीची शेवटची एसटी पावणेनऊला. सहाचा खेळ पूर्ण दाखवला तर ती चुकणार. गाडीच्या वेळेला निम्मा हॉल उठून गेला तर शेवट कुणालाच कळणार नाही. म्हणून शुक्रवारी बाराच्या खेळाला तुम्ही पिक्चर नीट बघायचात आणि ज्याच्यावाचून गोष्ट अडत नाही ते रीळ हेरायचात. बहुतेक वेळा एखादं गाणं, एखादा विनोदी प्रसंग. वहीत पिक्चरच्या नावापुढे रिळाचा आकडा आणि पुढे एकच शब्द: गाडी. सहाच्या खेळाला तेवढा डबा उघडायचा नाही. साडेआठला हॉल सुटायचा आणि माणसं एसटी स्टँडकडे धावायची. धावता धावता शेवटाबद्दल भांडायची. तुम्ही खिडकीत उभे राहून गाडी गेल्याचा आवाज आला की मगच नऊच्या खेळाची तयारी करायचात.

कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असताना, मुंबईत, डहाणूला पाहिलेला एक पिक्चर मी पुन्हा पाहिला आणि त्यात मला ठाऊक नसलेलं एक गाणं निघालं. साहित्य शिकत होते, अंगात वारं होतं. सुट्टीत घरी आले आणि जेवायच्या पाटावर तुम्हाला म्हणाले की तुम्ही चोर आहात. कुणीतरी जे पूर्ण केलंय त्यातलं काढून घ्यायचा तुम्हाला काय अधिकार? तुम्ही म्हणालात, "गाडी चुकली तर ती माणसं चालत जातात." मी म्हणाले, मग खेळ साडेपाचला सुरू करा. आई म्हणाली, "जेव गं मुकाट्याने." तुम्ही भात कालवत राहिलात. मी जिंकले असं समजले, आणि ते जिंकणं मी बरीच वर्षं जवळ बाळगलं.

तर आज बाराच्या खेळाला हॉल भरला. चार टेंपो आले. खुर्च्या संपल्या तेव्हा माणसं पायऱ्यांवर बसली. मालकांचा मुलगा बाल्कनीत होता. तुमच्या वेळचे डोअरकीपर काका काठी टेकत आले, खिशात त्यांची जुनी बॅटरी, आणि कुणी सांगितलेलं नसताना लोकांना जागा दाखवायला लागले. मध्यंतरानंतर थोड्या वेळाने पडद्यावर ती बहीण कळशी घेऊन नदीवर आली, पाणी वाढलं, तिचा हात तेवढा वर दिसला, आणि हॉलमधून आवाज आला. किंकाळी नव्हती. पुष्कळ माणसांनी एकदम श्वास आत घेतल्याचा आवाज होता. त्यानंतर ओरडा झाला.

मी खाली पोचले तेव्हा ती आजी पडद्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

"ही मेली?" तिने मला विचारलं.

"हो आजी. पिक्चरमध्ये ती बुडते."

"कदीपासून?"

"पहिल्यापासून."

"चारी वेळा नाय बुडली," ती म्हणाली.

मागून कुणीतरी म्हणालं, "हिला तर आपण सासरी दिली होती की!" एकजण हसला. बाल्कनीतून मालकांचा मुलगा ओरडला, "ताई, चालू करा ने! पब्लिक उभी आहे!" आजी माझ्या अगदी जवळ आली आणि हळू बोलली. जणू तिला बाकीच्यांपासून काही लपवायचं होतं. "तुझा बाप लावायचा तो लाव, बाय. हा नको."

मी वर गेले. आता डबा बाजूला ठेवावा लागत नाही, कॉम्प्युटरच्या पडद्याखालची रेघ बोटाने पुढे ओढायची. ज्या गोष्टीसाठी तुम्हाला चोर म्हणाले ती करायला मला एक बोट पुरलं. पुढचा सगळा पिक्चर ते शांत बसून बघत राहिले. शेवटी भावाने नदीत हिरवं लुगडं सोडलं. ते उलगडत, फुगत लांब गेलं. तुमच्या वेळी इथे म्हणे शिट्ट्या पडायच्या. आज दिवे लागले तरी कुणी उठेना. मग आजीचा आवाज आला, कुणाला उद्देशून नाही, नुसताच: "मग ते लुगडं कोणी नेसलं?"

बाहेर टेंपोत चढताना ती मला म्हणाली, "आता नको बोलवू." रागाने म्हणाली नाही. मालकांचा मुलगा शेजारीच उभा होता. त्याने ऐकलं. "हॉल भरला, ताई, मी मान्य करतो," तो म्हणाला, "पण ही माणसं पुढच्या रविवारी येतील?" मी टेंपोचं फळकं लावायला गेले. "उद्या सकाळी येतो," म्हणून तो गाडीत बसला.

मी तुमच्यावर चिडले होते, बाबा. एका गाडीपायी तुम्ही गोष्टीचा मणका काढलात आणि त्याची किंमत हा हॉल मोजतोय, असंच मी डोअरकीपर काकांना म्हणाले. ते तिकीटखिडकीच्या पायरीवर बसून बशीतून चहा पीत होते.

"ते गाडीचं रीळ नव्हतं, पोरी," ते म्हणाले. "ते त्याने बाराच्या खेळालाही नाही लावलं आणि नऊच्यालाही नाही. मालकाला सांगितलं, पेटीतून खराब आलंय. मालक मुंबईला पत्र टाकणार होते. तर हा म्हणाला, मी टाकतो. टाकलं कुठलं! गावातले लोक विचारायचे, काय रे, बहीण कुठे गेली? मी म्हणायचो, मला काय ठाऊक, मी दारावर असतो."

"का पण?"

"का म्हणजे? तुझ्या बहिणीला जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं."

"ती तापाने गेली, काका. माझ्या जन्माआधी."

त्यांनी बशी खाली ठेवली. बॅटरी काढली, लावली, विझवली. भर दुपारी. "तुला असं सांगितलंय होय," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वरोरला. तुझ्या आजोळी. बायकांबरोबर खडकावर कालवं काढायला गेली होती. बायका परतल्या, ही मागे राहिली. भरती आली. नऊ वर्षांची होती. मी होतो तुझ्या बापाबरोबर, दोन दिवस किनाऱ्यावर."

मी केबिनमध्ये येऊन वही काढली. ती अजून तुमच्या फळीवरच आहे. पानापानांवर गाडी, गाडी, गाडी. त्या पिक्चरपुढे अकरा हा आकडा आहे, त्यापुढे 'सर्व खेळ' असं लिहिलंय, आणि कारणाची जागा कोरी आहे. वरोर इथून एका रिक्षाच्या अंतरावर आहे आणि मी आजोळ कधी पाहिलं नाही. जमिनीवरून भांडण झालं असं आई सांगायची. समुद्र चालत पंधरा मिनिटांवर आणि मला पोहता येत नाही. चौथीत शाळेची सहल किनाऱ्यावर गेली होती. मी घोट्याएवढ्या पाण्यात उभी आहे, मैत्रिणी हसतायत, आणि तुम्ही वाळूतून धावत येता. बाराचा खेळ सोडून, चपला न घालता. सगळ्यांसमोर दंड धरून मला ओढत नेता. मी रस्ताभर रडते. तुम्ही एकच वाक्य म्हणता, "परत पाण्यात दिसलीस तर बघ." त्यानंतर तुम्ही मला केबिनमध्ये बसवायला लागलात, दिवस दिवस. मला वाटलं तुम्हाला माझ्या हाताने रीळ जोडलेलं आवडतं. ते आवडत असेलही. पण मुळात ती खोली जमिनीपासून वीस पायऱ्या वर होती आणि तिला एकच दार होतं.

पाड्यावरची आजी चार वेळा पाहून फसली. मी एकोणपन्नास वर्षं आपलं घर रोज पाहत होते.

तुम्हाला चोर म्हणाले ते परत घेण्यासाठी हे लिहायला बसले होते. ते जमत नाही. तुम्ही माझ्यातून एक बहीण काढून ठेवलीत आणि तिच्याशिवाय माझी गोष्ट अडणार नाही असं परस्पर ठरवलंत. ती अडली का, हे मला आज सांगता येत नाही. तिचं नाव तरी काकांना विचारायला हवं होतं. घरात ते कुणी घेतलं नाही आणि मीही कधी मागितलं नाही. दुपारपासून कॉम्प्युटर समोर आहे, परवाना आज संपेपर्यंत पिक्चर उघडतो, गाळलेलं ते सगळं अकरा मिनिटांचंच आहे. तीनदा रेघ मागे ओढली. कळशी दिसली की तिन्ही वेळा थांबवलं. एवढं कबूल करते आणि ही चार पानं वहीतच, त्या पानाशी ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा मुलगा गोडाऊनसाठी हॉल मोजायला टेप घेऊन आला. बरोबर कुणी नव्हतं, म्हणून पडद्याकडचं टोक मी धरलं.