किल्ल्यांच्या उंचीवर

१६ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र लांबलं की मी समजते, बेकरीत पाव जास्त आणि माणसं कमी. इथे उलट. सुट्टी लागली, वसतिगृहातल्या मुली घरी पळाल्या आणि एवढ्या मोठ्या इमारतीत उरलो मी आणि माझ्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा. परवा शेजारच्या रिकाम्या खोलीत रेडिओ लावून ठेवला, कुणीतरी आहे असं वाटावं म्हणून. हसू नकोस.

बातमी अशी, की ईस्टरच्या रविवारी कॉलेजच्या मैदानावर आसपासच्या कुटुंबांसाठी अंडी शोधायचा खेळ आहे. अगदी फुकट. प्लास्टिकची रंगीत अंडी, आत गोळ्या. लपवायचं काम रेक्टरबाईंकडे, म्हणजे माझ्याकडे. लहानपणी तुझ्या गोट्या लपवणारी मी, माझा हात कोण धरणार? ठकीला आत्याकडे घेऊन ये. मलाही एकदा कुणाचं तरी कुटुंब म्हणून तिथे उभं राहू दे.

लोभ आहेच, या वेळी तो टपालाने नको, बसने पाठव.

तुझी ताई

२२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

नक्की येतो. मालकाने कुरकुर केली, पण सुट्टी दिली. ठकी आतापासूनच पिशवी घेऊन घरभर सराव करतेय. काल माझ्या बुटात हात घालून पाहिला. लपवताना जरा दया दाखव. माझी एक गोटी अजून सापडलेली नाही.

जशी माया करतेस तशीच करत राहा, वर थोडी गोटीची भरपाई.

तुझा धाकटा

६ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तू आला नाहीस. फाटकापाशी उभी राहून येणारी प्रत्येक बस पाहिली. ग्रंथपालबाईंनी विचारलं, तुमची मंडळी कुठेत? म्हटलं, वाटेत आहेत. मैदान रिकामं झाल्यावर त्यांनी परत विचारलं आणि मी परत तेच सांगितलं.

वर माझी फजिती झाली ती वेगळीच. सगळी अंडी मी खालीच लपवलेली, बाकांखाली, झुडपांच्या बुंध्याशी. ठकी मागे आली होती तेव्हा हा जुडगा तिच्या नाकाशी यायचा, तोच हिशेब डोक्यात. दुडदुडणारी पोरं पिशव्या भरून गेली आणि मोठी मुलं झाडांकडे माना वर करून हात हलवत परतली. प्राचार्य म्हणाले, बाई, इतक्या खाली कुणी सांगितलं होतं? कप्पाळ माझं!

रागावले नाही. खोटं, रागावलेच आहे. आणि फार एकटं वाटलं रे.

ठकीसाठी एक निळं अंडं जिन्याखाली वेगळं ठेवलं होतं. उचलायला गेले आणि तसंच ठेवून आले.

ताई

११ एप्रिल

ती. ताईस सा. न.

तोंड दाखवायला जागा नाही. आदल्या संध्याकाळी भट्टीवरचा माणूस आजारी पडला आणि मालकाने शब्द फिरवला. तुमच्या ऑफिसला सुट्टीचं कुलूप, फोन कोण उचलणार?

तुझं पत्र ठकीला वाचून दाखवलं. ती उठली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. ताई, ती माझ्या छातीला लागते. तुझा जुडगा आता तिच्याही कमरेशीच येईल. आपण इतके दिवस भेटलो नाही, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

राग काढून टाक म्हणत नाही. समोर येतो, मग काढ. आता ठकी पेन ओढतेय.

धाकटा

ती. आत्या, नमस्कार.

आम्ही शनिवारी येतोय. तिकिटं माझ्या दप्तरात लपवलीत, मालकाला सापडणार नाहीत. बाबा म्हणतात मी खूप उंच झाले. तरी तू अंडं वर ठेवू नकोस. मी वाकेन.

तुझी ठकी